अयुथया बँकॉकहून एका दिवसात, कमी खर्चात पाहता येईल का?

हो, सहज, फक्त टूरची बस न घेता साध्या रेल्वेने जा. तिसऱ्या वर्गाचं तिकीट वीसेक बाथ, प्रवास साधारण दोन तास. स्टेशनसमोरच्या रस्त्याने सरळ नदीवर या, होडीने पलीकडे उतरा आणि भाड्याची सायकल घ्या. १३५० ते १७६७ सयामची, म्हणजे जुन्या थायलंडची, राजधानी असलेलं हे शहर नद्यांनी वेढलेलं बेट आहे. वाट (थाई भाषेत मंदिर) महाथात, वाट रातबुराना, वाट फ्रा सी सानफेत ही मोठी मंदिरं त्यावर जवळजवळच असल्याने टुकटुक रिक्षा लागत नाही. महाथातला झाडाच्या मुळांत बुद्धाचं मस्तक आहे. तिथे फोटो काढताना खाली बसतात, तो मान जरूर ठेवा. मात्र वाट चायवत्तनाराम बेटाबाहेर, नदीपल्याड आहे. ते संध्याकाळच्या उन्हात पाहायचं असेल तर एक रात्र मुक्काम करा.