बीच व्हॉलीबॉलसाठी अंगातली चरबी किती टक्क्यांवर आणावी लागते?

तू 17 वर्षांची आहेस, प्रशिक्षक 5 किलो कमी कर म्हणतायत, म्हणून मोठ्या खेळाडूंची चरबी विचारतेयस. आकडा हवा तर घे: जागतिक पातळीवरच्या पुरुषांत ढोबळमानाने 10 टक्क्यांच्या आसपास, बायकांत 20 च्या. पण तुझ्या प्रशिक्षकांनी चरबी मोजलीय कुठे? त्यांनी वजन केलंय. काट्याला मांडीचा स्नायू आणि पोटाची चरबी सारखीच.

माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं. मी वेंगुर्ल्याकडची, अंगाने भरलेली, इनडोअर व्हॉलीबॉलमधून वाळूवर आलेली ब्लॉकर, म्हणजे नेटवर चेंडू अडवणारी. निवड शिबिरात रोज सकाळी सगळ्यांसमोर वजन व्हायचं आणि आकडा मोठ्याने वाचला जायचा. प्रशिक्षकांचं म्हणणं, वजन उतरलं की उडी आपोआप वाढते. मी भात सोडला, मासे सोडले, संध्याकाळी नुसती काकडी. आई रोज ओरडायची, "पोटात काय नाय तर वाळयेत पाय कसो उचालतलो?" वजन उतरलं, तशी शाबासकीही मिळाली. मग पाळी थांबली. तिसऱ्या सेटपर्यंत पाय शिशाचे व्हायचे, नेटवर हात पोचेनासा झाला आणि शेवटी नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली. निवड यादी लागली तेव्हा मी प्लास्टरमध्ये होते.

आई बरोबर होती आणि त्याला कारण आहे. वाळूत पाय रुततो, रेटा दिला की खालची वाळू सरकते, टाचेमागच्या शिरेतून जमिनीवर मिळणारी उसळी वाळूत बरीचशी वाया जाते. वाळूवर पळायला टणक जमिनीच्या साधारण 1.6 पट ऊर्जा लागते. त्यात आपल्या बाजूचं 8 बाय 8 मीटरचं मैदान दोघींनीच सांभाळायचं, म्हणजे एकीच्या वाट्याला 32 चौरस मीटर. इनडोअरला तेच साडेतेरा. बदली खेळाडू नाही. हे सगळं मांड्या आणि कुल्ह्यांच्या जोरावर चालतं. उपाशी शरीर हे स्नायूही खातं.

आणि मोठ्या खेळाडूंसारखं शरीर म्हणजे कुणासारखं? अमेरिकेची मिस्टी मे-ट्रेनर 1.75 मीटर, तिची जोडीदार केरी वॉल्श जेनिंग्ज 1.91. दोघींनी मिळून 2004, 2008 आणि 2012 अशी तीन ऑलिंपिक सुवर्णं जिंकली. पॅरिसला 2024 मध्ये जिंकलेल्या ब्राझीलच्या जोडीतही आना पात्रिसिया 1.94 मीटर, तर दुदा 1.80. एक नेटवर भिंत उभी करते, दुसरी मागे धावून चेंडू उचलते. एकाच सुवर्णपदकाची दोन वेगळी शरीरं.

या खेळाडूंची सपाट पोटं-बिटं आपल्याला दिसतात ती कपड्यांमुळे. 2012 पर्यंत बीच व्हॉलीबॉलमध्ये बायकांना मोठ्या स्पर्धांत बिकिनी किंवा अंगाला घट्ट एकसंध पोशाखच घालावा लागे. बीच हँडबॉलमध्ये तर 2021 साली नॉर्वेच्या मुली शॉर्ट्स घालून उतरल्या म्हणून 1500 युरो दंड झाला. पुरुष मात्र शॉर्ट्समध्येच खेळत होते. त्यावर ओरड झाली आणि त्याच वर्षी नियम बदलला. फोटोत दिसणाऱ्या पोटावरून कुणी तुझी निवड करत असेल तर तो माणूस खेळ बघत नाहीये.

माझे काका अजून गणपतीत सगळ्यांसमोर म्हणतात, "आणखी चार किलो उतरवले असतेस तर राज्याच्या संघात असतीस." काका, चार किलो वाढवले असते तर असते! प्लास्टर निघाल्यावर भात-बांगडा परत सुरू केला, स्क्वॉट केले, वजन आधीपेक्षा जास्त झालं आणि उडीही आधीपेक्षा वर गेली. भिंतीवरची खडूची रेघ आईने पाहिलीय. काकांनी पाहायचं कधी मनावर घेतलं नाही.

हो, जादाची चरबी वाळूत जड जातेच, ते मी नाकारत नाही. मी डॉक्टरही नाही. तुला खरंच काही उतरवायचं असेल तर स्पर्धा नसताना, हळूहळू, आणि चिमट्याने त्वचेची घडी मोजणाऱ्या एकाच माणसाकडून दर वेळी मोजून घेऊन. घरातल्या चरबी दाखवणाऱ्या काट्यावर जाऊ नकोस, पाणी कमी-जास्त प्यायलीस तरी तो आकडा बदलतो. प्रशिक्षकांना सांग, वजनाबरोबर वाळूवरची उडीही लिहून ठेवा. दोन्ही एकदम घसरायला लागले तर त्याच दिवशी जेवण वाढव. पाळी लांबली तर शिबिर संपायची वाट न बघता डॉक्टरकडे जा.