सांगलीतल्या वडिलांच्या पार्किन्सन्सवर नाकातून स्टेम सेल द्याव्यात का?

तुम्ही लिहिलंय, एका दवाखान्याने नाकातून स्टेम सेल (इतर पेशी बनवू शकणाऱ्या मूळ पेशी) देऊन वडिलांचा पार्किन्सन्स (हालचाल मंदावणारा, हात थरथरवणारा मेंदूचा आजार) बरा होईल असं सांगून काही लाख मागितलेत. कृपा करून शेत विकू नका.

कल्पना खोटी नाही. नाकाच्या छताशी चाळणीसारखं छिद्रं असलेलं हाड असतं, त्यातून वासाचे मज्जातंतू मेंदूत जातात. 2009 मध्ये उंदरांना नाकातून दिलेल्या पेशी मेंदूत पोचल्याचं दिसलं. नेदरलँड्समध्ये पक्षाघात झालेल्या 10 नवजात बाळांना अशाच पेशी दिल्या. 2022 मध्ये निष्कर्ष आले. पण ती चाचणी हे देणं शक्य आणि सुरक्षित आहे का, एवढंच तपासत होती. बाळाचा मेंदू वेगळा, सत्तरीतला पार्किन्सन्स वेगळा.

आपल्याकडे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताचे काही आजार सोडले तर स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीतच देता येतात, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. त्या दवाखान्याकडे चाचणीचा सीटीआरआय (देशातल्या वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा. टाळाटाळ केली तर तिथून उठा.

मिरज जवळच आहे, तिथल्या न्यूरॉलॉजिस्टला सगळे कागद दाखवा. लेवोडोपा या पार्किन्सन्सच्या मुख्य औषधाच्या वेळा नीट बसवल्या, फिजिओथेरपी नेमाने केली तर चालण्यात बराच फरक पडतो. चालू गोळ्या मात्र कुणाच्याही सांगण्यावरून अचानक बंद करू नका.