खुर्च्या उचलेपर्यंत थांबायचं

पोरी,

तुझा मेसेज रात्रीच वाचला. तेव्हाच उत्तर लिहिलं असतं तर नुसत्या शिव्या आल्या असत्या म्हणून सकाळी चहा झाल्यावर बसलोय. शिव्या तुला नव्हेत, त्या फोटो काढणाऱ्याला. पक्षाच्या ऑफिसनंच तुला समोरच्या उमेदवाराच्या सभेला बसवायचं, आपल्याच ग्रुपवर तुझा हसतानाचा फोटो पडायचा, खाली 'ही कधी फुटली?', आणि ज्यांनी पाठवलं ते सगळे मेसेज बघून गप्प. ह्याच्यावर जास्त लिहीत नाही, बीपीची गोळी चालू आहे.

पण तुझा खरा घोळ फोटोचा नाहीच. तो तू मेसेजच्या एकदम शेवटी दोन ओळीत कोंबलायस. आपल्या कोल्हापूरच्या पंचगंगेच्या पाण्यावर तो माणूस बरोबर बोलला, तुझे हात टाळीला वर आले, आणि आता ऑफिसमधनं सांगतायत की रिपोर्टमध्ये 'गर्दी नव्हती, लोक मधनंच उठून गेले' असं लिही आणि जोडीला वीस सेकंदाची क्लिप कापून दे. काका काय करू.

टाळीचं सोड गं. नदीला फेस येतो तो काय पक्ष बघून येतो का. बरोबर बोलला तर बरोबर बोलला. मला राग आलाय तो दुसऱ्याच गोष्टीचा. तू लिहिलंयस, 'मेन भाषण झाल्यावर लगेच निघाले'. का? कुणी सांगितलं निघायला? दुसऱ्याची सभा ऐकायला गेलं की खुर्च्या उचलेपर्यंत थांबायचं, हे मी तुला पहिल्या दिवशी सांगितलं होतं आणि तू मान डोलावली होतीस.

मेन भाषणात काय असतं? उद्या पेपरात येणारच आहे ते, फेसबुकवर लाईव्ह तर होतंच. त्यासाठी माणूस पाठवायची गरज नाही. माणूस पाठवायचा तो आधीच्या आणि नंतरच्या तासासाठी. आधी म्हणजे स्टेजवर खुर्च्या मांडताना. आपल्याकडं पक्ष नावापुरता, चालतो तो गट, हे तुला मी काय शिकवणार, तुझ्या घरातच दोन आहेत. दूध संघाच्या निवडणुकीला एकत्र असलेली माणसं विधानसभेला समोरासमोर आणि कारखान्याला परत एका पॅनेलमध्ये. मग स्टेजवर कोण बसलंय ह्यापेक्षा कोण नाही ते बघायचं. कुणाचं नाव बॅनरवर आहे पण माणूस आलेला नाही. कुणाला दुसऱ्या रांगेत बसवलं आणि तो तोंड पाडून मोबाईल बघतोय. निवेदक नावं घेताना कुणाचं विसरला, मागनं चिठ्ठी आली, मग घाईघाईनं घेतलं. त्या चिठ्ठीत जेवढी निवडणूक असते तेवढी तासाभराच्या भाषणात नसते.

मेन नेता यायच्या आधी जे गल्लीतले बोलतात ना, माजी नगरसेवक, सरपंच, तालमीचा अध्यक्ष, त्यांना कुणी ऐकत नाही, ते मात्र तू कान देऊन ऐकायचं. त्यांना भाषण येत नाही म्हणून ते खरं बोलून जातात. हद्दवाढीचंच घे, म्हणजे शेजारची गावं शहरात घ्यायचं. १९७२ ला महापालिका झाली तेव्हापासून हा विषय लोंबकळतोय. पेठेतल्या सभेत बोलणारा म्हणणार शहर वाढलंच पाहिजे, आणि त्याच आठवड्यात उचगाव-पाचगावकडं त्याच बाजूचा दुसरा कुणीतरी म्हणणार की आमचं गाव महापालिकेत जाऊ देणार नाही. उमेदवार स्वतः दोन्हीकडं 'सर्वांना विश्वासात घेऊन' म्हणून मोकळा. हे पकडायला दोन्ही सभांत कुणीतरी सुरुवातीपासनं बसलेला लागतो, आणि आपल्या बाजूचं काही वेगळं नाही, आपला माणूस पण हेच करतो, ते तुला माहिताय.

आता नंतरचं. दहाला माईक बंद होतो, तो नियमच आहे. नेता गाडीत बसतो, पोरं त्याच्या मागं सेल्फीला पळतात, आणि आपले 'निरीक्षक' पण तिथनंच घरी. आणि खरी सभा सुरू होते ती तेव्हा! बायका टेम्पोची वाट बघत उभ्या असतात, म्हातारी माणसं अजून खुर्चीतच असतात कारण उठायला वेळ लागतो, मंडपवाल्याची पोरं एकात एक खुर्च्या घालत येतात आणि म्हणतात मामा उठा, आणि मामा उठता उठता शेजारच्याला जे एक वाक्य बोलतो ते तुझ्या रिपोर्टचं पहिलं वाक्य. एकदा असंच एक आजोबा धोतर झटकत म्हणाले, "सगळं बोलला गडी, पर पाण्याचं न्हाई बोलला." बस. त्या दिवशी मी वहीत बाकी काय काय लिहिलं होतं ते आता आठवत पण नाही. म्हणून म्हणतो, खुर्च्या उचलेपर्यंत.

पैलवान काय करतो, ज्याच्याशी जोड लागायची त्याची कुस्ती खासबागेच्या मैदानात जाऊन बघतोच की. तिकीट काढून बघतो. तो फुटला म्हणून त्याला कोण बोलत नाही.

आणि तुझ्याबद्दल मला आणखी एक वाटतं, ते सांगतो, आणि ह्यात माझा थोडा हेवा पण आहे. तुला बायकांच्या रांगेत बसता येतं. मला आख्ख्या आयुष्यात ते जमलं नाही. २०२४ च्या विधानसभेला एका बाजूनं लाडक्या बहिणीचे १५०० चे २१०० करू म्हणून सांगितलं, दुसऱ्या बाजूनं महिन्याला ३००० सांगितले. सभेत पुरुषांच्या बाजूला आम्ही सगळे हुशार लोक उभे, 'बायका पैशाला भुलल्या' म्हणत. त्या बायका पलीकडं आपसात काय हिशोब मांडत होत्या, कुणावर विश्वास ठेवत होत्या, कशाला हसत होत्या, आमच्यातल्या एकालाही ऐकू आलं नाही. हसलेलं फक्त दिसलं. निम्मी सभा मला कायम बहिरीच राहिली. तू त्या रांगेत बसतीयस आणि मेन भाषण झालं की उठून येतीयस, म्हणजे मग काय बोलायचं तुला.

तू विचारलं होतंस की उठून प्रश्न विचारला असता तर चाललं असतं का. नाही. आचारसंहितेतच आहे, दुसऱ्या पक्षाच्या सभेत जाऊन तोंडी किंवा लेखी प्रश्न विचारून गडबड करायची नाही, आपली पत्रकं वाटायची नाहीत. सभा उधळायचा प्रयत्न केला तर लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७ आहे, त्यात सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते. आणि कायदा नसता तरी मी नकोच म्हणालो असतो. त्यांनी मंडप घातलाय, त्यांनी खुर्च्या आणल्यात, आपण ऐकायला गेलोय. प्रश्न आपल्या सभेत विचारायचा, माईकवर, नाव घेऊन. पैसे वाटताना वगैरे काही दिसलं तर गोष्ट वेगळी, त्याला सी-व्हिजिल ॲप आहे, फोटो टाकायचा, शंभर मिनिटांत कारवाई करायची असं त्यांचं बंधन आहे. पण हातात काही नसताना संशयावर टाकत बसू नकोस.

आणि लपून पण जायचं नाही. तोंडाला स्कार्फ बांधून कशाला गेलीस? त्यानंच तर फोटो चोरीचा वाटला. उघड्या तोंडानं जायचं, त्यांचा ओळखीचा कार्यकर्ता भेटला तर नमस्कार करायचा, 'ऐकायला आलोय' म्हणायचं. तो चहा देतो. तशी मागच्या बाजूला सगळी ऐकणारीच असतात गं. गोपनीयचे साध्या कपड्यातले पोलीस, निवडणुकीच्या व्हिडिओ पथकाचा कॅमेरावाला, तो खुर्च्या, मंडप, बॅनर सगळं शूट करतो कारण त्यावरनं उमेदवाराचा खर्च धरतात, विधानसभेला ४० लाखाची मर्यादा आहे ना. मग दोन पत्रकार, आणि आपण. सगळे एकमेकांना ओळखतात आणि सगळे न ओळखल्यासारखं उभे असतात.

बिंदू चौकात पूर्वी हेच उघड चालायचं. भाई माधवराव बागलांनी १९५० ला तिथं फुले आणि आंबेडकरांचे पुतळे बसवले, बाबासाहेब हयात असताना. त्या चौकात आज ह्याची सभा झाली की दोन दिवसात त्याची उत्तरसभा. आणि उत्तरसभा द्यायची तर समोरचा काय बोलला ते शब्दाला शब्द माहीत पाहिजे, नाहीतर समोर बसलेले लोकच सांगायचे, तो असं बोललाच नव्हता, कारण ते पण आदल्या सभेला होते. आता नेते नुसते म्हणतात, हिंमत असेल तर बिंदू चौकात या. जात कुणीच नाही. क्लिप पाठवतात.

क्लिपचं सांगतो, ती तू कापायची नाहीस. काळम्मावाडी धरणातनं शहराला पाणी आणणारी ती थेट पाईपलाईन. "मी थेट पाईपलाईनला विरोध केला असता" एवढंच ठेवायचं आणि पुढचं "जर त्यात शहराचं नुकसान असतं तर" ते उडवायचं, हे कुणालाही येतं, त्याला पक्षनिष्ठा लागत नाही, मोबाईल लागतो. तू म्हणशील सगळेच करतात. करू देत. अख्खं वाक्य टाकायचं असेल तर टाक, त्याच्या खाली आपलं उत्तर टाक. उत्तर नसेल तर आपल्या माणसाला जाऊन सांग की ह्याला आपल्याकडं उत्तर नाही, तयार करा. ह्यालाच काम म्हणतात.

ह्याच गावात २०१५ ला कम्युनिस्ट नेते कॉम्रेड गोविंद पानसरेंवर गोळ्या झाडल्या, सकाळी फिरायला गेलेल्या माणसावर. मी त्यांच्या पक्षाचा नव्हतो, त्यांच्या कित्येक गोष्टी मला पटल्या नाहीत, पण त्यांची भाषणं मी ऐकली, मागं उभा राहून, पूर्ण. तेव्हापासनं कुणी मला म्हणालं ना, की समोरच्याचं ऐकून कशाला घ्यायचं, की माझं डोकं फिरतं. जास्त नाही लिहीत ह्यावर.

माझं म्हणशील तर मी ह्या हट्टापायी बरंच घालवलंय, तुला कुणीतरी सांगितलंच असेल, त्यापेक्षा माझ्याकडनं ऐक. एका निवडणुकीत करवीर तालुक्यातल्या एका गावात समोरच्यांची सभा होती. मला पाठवलं. मैदान भरलेलं, लोक गप बसून ऐकत होते, आणि जाताना कुणी त्याला शिव्या घातल्या नाहीत. मी तसंच लिहिलं. आमचे साहेब रिपोर्ट वाचून म्हणाले, "तू त्यांचा प्रचार करायला गेलतास काय?" मतमोजणीच्या टेबलावर बसणाऱ्यांच्या यादीतनं माझं नाव कापलं. पुढं वॉर्डाच्या तिकिटाला पण तेच निघालं. आणि गंमत बघ, ती निवडणूक आम्हीच जिंकलो! म्हणजे माझा रिपोर्ट खोटा ठरला असं सगळ्यांचं म्हणणं. अजून म्हणतात. लग्नात भेटले तरी म्हणतात, काय, मैदान भरलंय का. अगं मी सभेचा रिपोर्ट दिला होता, निकालाचा नव्हे. मैदान भरलेलं होतं म्हणजे भरलेलंच होतं. त्यांना मतं दुसरीकडनं कमी पडली, त्याला मी काय करू? भरलेल्या मैदानाला मोकळं म्हणालो असतो आणि आम्ही जिंकलो असतो तर मी हुशार ठरलो असतो, ही कसली हुशारी? इतकी वर्षं झाली, मी अजून हेच म्हणतो आणि घरातले उठून जातात.

तिकीट मिळालं असतं तर बरं झालं असतं, नाही कशाला म्हणू. नगरसेवक झालो असतो. पण तो रिपोर्ट मी परत लिहिला तरी तसाच लिहीन.

तर आता तुझा रिपोर्ट. वहीच्या पानावर मधे रेघ मार. रेघेच्या वर तो काय बोलला ते, त्याच्या शब्दात. लोकांनी कुठं टाळ्या दिल्या, कुठं गप झाले, कुठं पाणी प्यायला उठले. गर्दी डोळ्यानं मापू नकोस, एका रांगेत खुर्च्या किती आणि रांगा किती ते मोज, रिकाम्या वजा कर, उभे असलेले वेगळे लिही. गाड्या कुठल्या गावच्या, ते ड्रायव्हरला विचारलं तर सांगतो, त्याला कंटाळाच आलेला असतो. रेघेच्या खाली तुला काय वाटलं ते. तिथं लिही की पंचगंगेवर तो बरोबर बोलला आणि मी टाळी वाजवणार होते. हो, लिही. रेघेच्या वर चढवू नकोस आणि खालनं काढू पण नकोस. आणि तुला नंतरचं काहीच माहीत नाही कारण तू थांबली नाहीस, ते पण लिही, 'भाषणानंतर थांबले नाही'. लाज वाटली तर वाटू दे.

ग्रुपवर उत्तर देत बसू नकोस. कुणी लईच बोललं तर एवढंच विचार, तू शेवटची समोरच्यांची सभा पूर्ण कधी ऐकलीस.

रिपोर्ट मला दाखवायला आणू नकोस, मी सुधारणा सुचवीन आणि ते माझं होऊन बसेल. ज्यांनी मागितला त्यांच्याच हातात दे, आणि एक झेरॉक्स स्वतःकडं ठेव. परवा मिरजकर तिकटीला त्यांची परत सभा आहे म्हणतात, ऑफिस पाठवणार नाही तुला आता, तू आपली आपण जा. स्कार्फ नको. घरी सांगून जा, उशीर होणार आहे.

तुझा,
काका

ता.क. त्या फोटोत तू कशाला हसलीस ते सांगितलंच नाहीस. विनोद चांगला असेल तर मला पण पाठव.