सुरुवात डोळ्यांपासून करा

खऱ्या स्पोर्ट्स कारला 2006 सालच्या ‘कार्स’ या ॲनिमेशन चित्रपटातील लायटनिंग मॅक्वीन या बोलक्या लाल शर्यतीच्या गाडीचे रूप द्यायचे असेल, तर रंगाआधी डोळ्यांचा विचार करावा, कारण या पात्राचे डोळे हेडलाइटच्या जागी नसून समोरच्या काचेवर आहेत आणि त्याचा सारा जिवंतपणा तिथेच एकवटलेला आहे. संगणकावरील आराखड्यावर विसंबून राहू नका. कागदी डोळे कापून काचेवर चिकटवा, दहा पावले मागे जा आणि लहान मुलाच्या उंचीवरून पाहा. काच उतरती असल्यामुळे बुबुळे जराशी सरकली तरी चेहरा भेदरलेला दिसतो. हे डोळे काढता येतील असेच बसवावेत, कारण ते लावून रस्त्यावर गाडी चालवणे धोक्याचे आहे.

हसऱ्या तोंडासाठी थर्माकोल कोरून त्यावर फायबरग्लास चढवणार असाल, तर पॉलिएस्टर रेझिन (फायबरग्लासला घट्ट करणारा चिकट द्रव) थेट लावू नका, कारण ते थर्माकोल विरघळवते. तीन दिवस खपून घडवलेला माझा पहिला ओठ असाच डोळ्यांदेखत खचला होता. तिथे इपॉक्सी रेझिनच वापरावे. ओठांमागे रेडिएटरला हवा मिळेल इतकी जागा मात्र सोडाच. लाल रंगासाठी व्हाइनिल रॅप, म्हणजे गाडीवर चिकटवायची पातळ रंगीत प्लास्टिक फिल्म, मला अधिक योग्य वाटतो, कारण खालचा मूळ रंग शाबूत राहतो. बाजूंवरचा 95 हा आकडा सर्वांत शेवटी चिकटवा.