लिनक्सवर सिरियल पोर्टला जोडलेला मोडेम सापडत नाही. आधी काय तपासावे?

मिनीकॉम (सिरियल पोर्टशी बोलण्याचा प्रोग्रॅम) उघडतो, पण एटी ही मोडेमला हाक मारणारी आज्ञा लिहून एंटर दाबल्यावर ओके येत नाही, आणि मित्र लिनक्स पुन्हा टाकायला सांगत आहेत, असे आपण लिहिले आहे. कृपा करून तसे करू नका. याच सल्ल्यापायी माझे दोन दिवस वाया गेले आहेत.

बेळगावच्या उद्यमबागेत आमचे लहान मशीन शॉप आहे. रात्री वीज गेली की घरी एसएमएस यावा म्हणून मी तिथल्या संगणकाला सिरियल जीएसएम मोडेम (मोबाइल नेटवर्कवरून एसएमएस पाठवणारा) जोडला आणि नेमके आपल्यासारखेच झाले. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, संदेशांत टीटीवायएस० हे पहिल्या सिरियल पोर्टचे नाव आणि १६५५०ए ही त्याची चिप स्पष्ट दिसत होती, म्हणजे पोर्ट सापडलेला होता. मला केबलचा संशय आला, तर आमचे अण्णा म्हणाले, "याच केबलने रोज सीएनसी लेथवर (संगणकीय लेथ यंत्रावर) प्रोग्रॅम जातात. तुझ्या लिनक्सलाच मोडेम कळत नाही." त्यांच्या शब्दाखातर मी सगळे नव्याने टाकले, फरक काहीच पडला नाही.

तिसऱ्या दिवशी केबल काढली, संगणकाच्या नऊ पिनी पोर्टवरील २ आणि ३ क्रमांकाच्या पिना तारेच्या तुकड्याने जोडल्या आणि मिनीकॉममधील हार्डवेअर फ्लो कंट्रोल, म्हणजे वेगळ्या तारांवरून इशारा मिळेपर्यंत पाठवणे थांबवण्याची सोय, बंद केले (ते चालू राहिले तर चांगला पोर्टही मेल्यासारखा वाटतो). दाबलेले प्रत्येक अक्षर पडद्यावर उमटले, म्हणजे पोर्ट चांगला होता. मग केबलला मल्टीमीटर लावला, तेव्हा एका टोकाची २ क्रमांकाची पिन दुसऱ्या टोकाच्या ३ वर वाजली, म्हणजे त्या दोन्ही आतून जोडलेल्या होत्या. लेथ आणि संगणक दोघेही ३ वरूनच पाठवतात, म्हणून त्यांच्यामध्ये अशी उलट जोडलेली नल मोडेम केबल लागते. मोडेम ३ वर ऐकतो, म्हणून त्याला सरळ केबल हवी. ती केबल मोडेमला घट्ट बसत होती, एवढ्यावरून ती योग्य ठरत नव्हती. लिनक्सचा यात काडीचाही दोष नव्हता, आणि अण्णा हे आजही मान्य करत नाहीत.

शिवाय सिरियल मोडेम आपली ओळख स्वतःहून देत नाही. कर्नल फक्त पोर्ट ओळखतो, मोडेमला विचारावे लागते. सरळ केबलनेही ओके आले नाही, तर वेग ९६०० आणि ११५२०० असा बदलून पाहा. परवानगी नाकारली असा संदेश येत असेल, तर आपले खाते डायलआउट गटात (सिरियल पोर्ट वापरण्याची परवानगी असलेल्या गटात) घाला. मोडेम यूएसबीचा असेल, तर मात्र केबलची ही चर्चा लागू नाही: तिथे टीटीवायएसीएम० किंवा टीटीवाययूएसबी० या नावाचा पोर्ट शोधा आणि मोडेममॅनेजर (मागे चालून मोडेम सांभाळणारा प्रोग्रॅम) तात्पुरता थांबवून पाहा, कारण तो पोर्ट आधीच धरून बसलेला असू शकतो.