मेसच्या डब्यांचं वेब ॲप कुठे होस्ट करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपुरात नंदनवनातल्या चार मेससाठी डबे, खाडे आणि महिन्याचा हिशेब ठेवणारं ॲप जँगो (पायथनमधली वेबसाइट बनवायची चौकट) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) यांवर बनवलंय, तीनेकशे पोरं वापरतील, महिन्याला हजाराच्या वर खर्च नको. मग फुकटची होस्टिंग घ्यावी, ॲमेझॉन-गुगलसारखं मोठं क्लाउड घ्यावं, की दुकानातला जुना कॉम्प्युटरच सर्व्हर म्हणून चालवावा?

जुन्या कॉम्प्युटरपासून सुरू करतो, कारण तो उद्योग मी स्वतः केलेला आहे. प्रतापनगरच्या आमच्या खोलीत एक जुना पीसी ठेवला होता, डिसेंबरात झकास चालला. मे महिन्यात बाहेर ४५ अंश, खोलीत वाळ्याचा कूलर, आणि कूलरच्या दमट हवेत तो बिचारा मशीन. दुपारी तीनच्या सुमारास आपोआप बंद पडायचा. जूनच्या पहिल्या वादळात लाइट गेली ती चार तास आली नाही, यूपीएस वीस मिनिटांत आटोपला. शिवाय घरगुती ब्रॉडबँडवर बऱ्याचदा स्वतंत्र पब्लिक आयपी (बाहेरच्यांना आपलं मशीन सापडायचा इंटरनेटवरचा पत्ता) मिळतच नाही, अनेक ग्राहक मिळून एकच पत्ता वापरतात. स्टॅटिक, म्हणजे न बदलणाऱ्या, आयपीचे वेगळे पैसे. नागपुरात हे करू नका. गंगटोकला असता तर विचार केला असता.

फुकटच्या जागा शिकायला चांगल्या. पण त्यातल्या कित्येक ठिकाणी काही मिनिटं कोणी फिरकलं नाही की ॲप झोपवून टाकतात आणि पुढच्या माणसाला ते उठेपर्यंत ताटकळत बसावं लागतं. मेसवाल्या काकूंना ‘कोल्ड स्टार्ट’ समजावून सांगता येत नाही. त्यांचा सरळ फोन येतो, “भाऊ, तुमचं ॲप उघडूनच नाही राहिलं ना!” आणि फुकट ते कधी बंद होईल याचा भरवसा नसतो, हेरोकू या होस्टिंग कंपनीने नोव्हेंबर २०२२ मध्ये फुकटचा प्लॅन बंद केला तेव्हा कॉलेजच्या पोरांचे किती प्रोजेक्ट एका रात्रीत गेले असतील देव जाणे.

आता जागेचं. आपण झिरो माइलवाले, देशाच्या मधोमध बसल्याचा अभिमान, पण इथे मोठ्या क्लाउडवाल्यांपैकी कोणाचं रीजन (सर्व्हर ठेवायचं ठिकाण) नाही. ॲमेझॉनचं मुंबई रीजन २०१६ पासून आहे आणि हैदराबादचं २०२२ पासून, गुगलचं मुंबईत २०१७ पासून, डिजिटलओशनचं बंगळुरात. मायक्रोसॉफ्टच्या एका रीजनचं नाव ‘सेंट्रल इंडिया’ आहे, आणि ते आहे पुण्यात! चालायचंच.

मुंबई, हैदराबाद की बंगळूर, यात तुमच्या पोरांना फरक कळणार नाही. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. नागपूर-मुंबई सरळ रेषेत ७०० किलोमीटर धरलं तर जाऊन-येऊन ७ मिलिसेकंद, प्रत्यक्षात वाट वाकडी असल्याने त्याच्या तीन-चारपट. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा सर्व्हर मात्र दोनशे मिलिसेकंदांच्या पुढे जातो. तेही एकवेळ खपतं.

खपत नाही ते वेगळंच, आणि नवी मंडळी नेमकी तिथेच फसतात: ॲप एका गावात, डेटाबेस दुसऱ्या. माझ्या ओळखीच्या एकाने ॲप सिंगापूरला टाकलं आणि डेटाबेस फुकट मिळाला म्हणून अमेरिकेत ठेवला. जँगोत लूप फिरवून प्रत्येक विद्यार्थ्याचे खाडे वेगळे मागितले की एका पानाला सहज ४० क्वेऱ्या (डेटाबेसला विचारणा) होतात. एकेक क्वेरी २०० मिलिसेकंदांची, म्हणजे ८ सेकंद नुसत्या येरझाऱ्यांत. गडी आठवडाभर पायथनला शिव्या देत होता. जँगोतलं `प्रीफेच` (सगळी माहिती एकदम मागवायची सोय) लावून क्वेऱ्या कमी कराच, पण ॲप आणि डेटाबेस एकाच ठिकाणी ठेवा.

मग मोठं क्लाउड का नको? चांगलंच आहे, पण तिथलं बिल किराणा दुकानाच्या यादीसारखं येतं. मशीनचे वेगळे, डिस्कचे वेगळे, बाहेर जाणाऱ्या डेटाचे वेगळे. ॲमेझॉन तर फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक पब्लिक आयपीव्ही४ पत्त्याचे तासाला अर्धा सेंट घेतं, म्हणजे महिन्याला साडेतीन डॉलरच्या वर. मॅनेज्ड, म्हणजे कंपनीच सांभाळते असा, डेटाबेस घेतला तर तुमच्या हजारात एकटा तोच मावणार नाही. मी एकदा व्हिडिओ पाहून नेटवर्क मांडताना एक ‘नॅट गेटवे’ (आतल्या मशीनना बाहेर इंटरनेटवर जायचं दार) उघडा ठेवला होता. वापर शून्य, बिल काही हजार. तेव्हापासून कुठेही खातं काढलं की पहिलं काम बिलाचा अलर्ट लावायचा.

तुमचा भार किती आहे तेही बघा. रात्री दहापर्यंत खाडा नोंदवायचा असेल तर पोरं शेवटच्या दहा मिनिटांतच धावणार, हे गृहीत धरा. ३०० जण ६०० सेकंदांत, म्हणजे दोन सेकंदांना एक माणूस. प्रत्येकाने चार-पाच पानं उघडली तरी १ जीबी रॅमची साधी व्हीपीएस (भाड्याचा छोटा व्हर्च्युअल सर्व्हर) जांभया देत हे करेल. भारतातलं डेटासेंटर निवडून ६ डॉलरच्या आसपासची व्हीपीएस घ्या, जीएसटी धरून ६००-६५० रुपये पडतात. त्याच मशीनवर एनजिनएक्स (आलेल्या विनंत्या घेणारा वेब सर्व्हर), जँगो चालवणाऱ्या गनिकॉर्नचे दोन-तीन वर्कर, तिथेच पोस्टग्रेस. २ जीबी स्वॅप (रॅम कमी पडली तर वापरायची डिस्कवरची जागा) ठेवा. https साठी लागणारं लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट फुकट आहे, फक्त ते आपोआप नवं होतंय ना ते बघा. लॉग (सर्व्हरच्या नोंदींच्या फाइली) फिरते ठेवा, म्हणजे जुने आपोआप पुसले जातील. डिस्क भरली की पोस्टग्रेस लिहिणं थांबवतं आणि पहिल्या तारखेलाच भरते, का कोण जाणे.

पैसे डॉलरमध्ये कापले जाणार असतील तर आणखी एक भानगड. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे कार्डावरून दर महिन्याचे पैसे आपोआप कापायला वेगळी परवानगी लागते, आणि परदेशी कंपन्यांच्या बाबतीत हे बरेचदा अडतं. कंपनी प्रीपेड पैसे घेत असेल तर तीन महिन्यांचे आधीच भरून ठेवा. रुपयांत बिल देणारी भारतीय कंपनी मिळाली तर उत्तमच.

उरलेल्या साडेतीनशे रुपयांत बॅकअप बसवा, आणि तो दुसऱ्या कंपनीकडे ठेवा. रोज `पीजी_डंप` (पोस्टग्रेसची अख्खी प्रत काढणारी आज्ञा), चौदा दिवसांच्या प्रती. व्हीपीएस घ्यायच्या आधीच एक संध्याकाळ काढून तो डंप आपल्या लॅपटॉपवर परत उभा करून पाहा. ते अर्ध्या तासात जमलं तर उद्या कंपनीने दर वाढवले काय किंवा खातं गोठवलं काय, दुपारपर्यंत तुम्ही दुसरीकडे असाल. मी तर कंपनी निवडताना आता एवढंच पाहतो. चाराच्या चाळीस मेस झाल्या की डेटाबेस वेगळा काढा, तोवर नको.

अन् हो, सर्व्हरचं घड्याळ बहुतेक यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं. मी बॅकअपला रात्री दोनची वेळ लावली होती, तो रोज सकाळी साडेसातला चालायचा, नेमका काकू डबे भरून नावं टिकमार्क करत असताना. दोन आठवडे मी नेटवर्कला दोष देत होतो. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीत) २०:३० ची वेळ लावा, म्हणजे आपल्याकडे पहाटेचे दोन वाजतात.