वाचक विचारतात : रांग मोडली तरी वारूळ शाबूत

प्रश्न : ओट्यावर मुंग्यांची रांग लागते. व्हिनेगरने पुसले की ती नाहीशी होते, पण दोन दिवसांत दुसऱ्याच कोपऱ्यातून सुरू होते. घरात लहान मूल असल्याने विषारी फवारे मारण्याची भीती वाटते. काय करावे?

उत्तर : व्हिनेगरने मुंग्यांनी आखलेला वासाचा माग पुसला जातो, साबणाच्या पाण्यानेही तेच काम होते. मात्र ओट्यावर दिसतात त्या केवळ अन्न शोधायला निघालेल्या कामकरी मुंग्या असतात आणि वारुळातली राणी अंडी घालतच असल्याने त्या कितीही मारल्या तरी संख्या भरून निघते. म्हणून औषध त्यांनीच घरी नेले पाहिजे. 100 मिलिलिटर कोमट पाण्यात 20 ग्रॅम साखर आणि केवळ 1 ग्रॅम, म्हणजे सुमारे पाव चमचा सपाट टाकणखार (बोरॅक्स) विरघळवावा आणि त्यात भिजवलेला कापसाचा बोळा त्यांच्या वाटेवर ठेवावा. टाकणखार जास्त घातला तर गुण लवकर येईल, हा समज नेमका उलटा आहे, कारण तीव्र मिश्रणाने मुंगी वाटेतच मरते, तर सौम्य मिश्रण पोटात साठवून ती वारुळात पोहोचते आणि तोंडातून तोंडात इतरांना भरवते. पहिले एक-दोन दिवस बोळ्याभोवती मुंग्यांची झुंबड उडेल. तेव्हा हात आवरावा, फडके फिरवू नये. बोळा वाळला की बदलावा आणि दोन-तीन आठवडे धीर धरावा.

आता तुमच्या मुलाविषयी. घरगुती म्हणजे निरुपद्रवी, असे मुळीच नाही. टाकणखार पोटात गेल्यास अपायकारक असतो, त्यामुळे बोळा बारीक भोके पाडलेल्या झाकणाच्या डबीत, मुलाचा हात पोहोचणार नाही अशाच जागी ठेवावा. तशी जागा नसेल, तर साबणाचे पाणी आणि फटी बुजवणे यांवरच भागवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : झुरळांसाठी कोपऱ्यात बोरिक पावडरचे ढीग ठेवले, पण उपयोग झाला नाही.

उत्तर : ढीग दिसला की झुरळ त्याला वळसा घालून जाते. पावडर डोळ्यांना जेमतेम दिसेल इतकी पातळ, कोरड्या फटींत भुरभुरावी. ती पायांना आणि मिशांना चिकटते आणि झुरळ अंग स्वच्छ करू लागले की पोटात जाते. ओली झालेली पावडर अंगाला नीट चिकटत नाही. स्वयंपाकघरातल्या लहान, तपकिरी झुरळाची मादी 30 ते 40 अंड्यांची कुपी पिल्ले बाहेर पडेपर्यंत अंगावर वागवते, म्हणून पहिली फळी मेल्यावरही उपाय थांबवू नये. रात्री सिंक कोरडे ठेवावे. मुलांबाबतची सूचना येथेही लागू आहे.

प्रश्न : धान्य चाळूनही सोंडे पुन्हा कसे होतात?

उत्तर : मादी दाण्याला भोक पाडून आत अंडी घालते, त्यामुळे चाळणीतून केवळ मोठे किडे जातात. थोडे धान्य असेल तर हवाबंद पिशवीत भरून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवावे आणि बाहेर काढल्यावर ते खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय पिशवी उघडू नये, नाहीतर दाण्यांना ओल धरते.